चौदा नंबरच्या कागदाची तिसरी प्रत

तिउर्मा सिहोंबिंग या बाईकडून नवं ड्रॉइंग हवं असेल, तर आधी जुनं तिच्या हातात ठेवावं लागे. बाताम बेटावरच्या त्या जहाजाच्या कारखान्यात हा नियम रखवालदारापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पाठ होता, आणि सगळ्यांनाच त्याचा वैताग होता. तिच्या खिडकीवर तिनेच रंगवलेली पाटी होती: 'जुनं आधी.' बाकी काही नाही, 'कृपया' तर नाहीच.

जहाज बांधायला घेतलं की त्याची ड्रॉइंगं सारखी बदलत राहतात. आज पाइप इथून जातो, उद्या दोन वीत पलीकडून. बदल झाला की कागदाला नवं अक्षर मिळतं, ए नंतर बी, बी नंतर सी. आणि जुना कागद कुणाच्या खिशात राहून गेला, तर तो भला माणूस अगदी इमानेइतबारे, घाम गाळून, नको त्या जागी भोक पाडतो. कामचुकार माणूस असलं नुकसान करू शकत नाही, त्याला कामसूच लागतो.

एकदा जुमादी नावाच्या वेल्डरने आपल्या ड्रॉइंगात तळलेली केळी बांधून आणली होती. बू तिउरने (तिला सगळे बू तिउरच म्हणत, बू म्हणजे बाई, आई, जे म्हणाल ते) तो तेलकट कागद टेबलावर पसरला, वर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि कोपरे मोजले.

"चौथा कुठाय?"

"बू, तो केळ्याबरोबर पोटात गेला असेल."

"मग पोट घेऊन उद्या ये. आज नवं मिळणार नाही."

"एवढ्याशा कोपऱ्यासाठी?"

"आवृत्तीचं अक्षर त्या एवढ्याशा कोपऱ्यातच असतं रे, शहाण्या."

जुमादी बडबडत कँटीनकडे गेला, कचऱ्याच्या डब्यात हात घालून तो कोपरा शोधून आणला, तेव्हा कुठे नवा कागद मिळाला. "बाई आहे की जकात नाका!" असं तो पुढे वर्षभर सांगत फिरला. बू तिउरला ते कळलं होतं. तिला बरंच वाटलं असावं.

ती मूळची तोबा सरोवराकाठच्या बालिगेची. बालिगेची माणसं कुजबुजली तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जातं, त्यामुळे तिच्या खिडकीवर काय भांडण चाललंय हे अख्ख्या यार्डाला फुकटात कळे. नवरा लवकर गेला. दोन मुलींना घेऊन ती बातामला आली, कंत्राटावर कागद सांभाळायच्या नोकरीला लागली आणि तिथेच सत्तावीस वर्षं काढली. आता मुली आपापल्या घरी होत्या, आणि तिच्या निवृत्तीला एक महिना उरला होता.

त्याच महिन्यात मॅनेजर फाद्लान तिच्या खिडकीशी आला. पस्तिशीचा, हुशार, बोलताना सारखं घड्याळाकडे बघणारा माणूस.

"बू, नव्या जहाजाच्या मालकांची अट आहे. ड्रॉइंगं, नोंदी, सगळं कॉम्प्युटरवर हवं. तीन कंपन्या आपापलं सॉफ्टवेअर घेऊन येतायत. कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगा."

"मी? मी तर चालले, पाक. वापरणार दुसरं कुणीतरी." पाक म्हणजे साहेब.

"म्हणून तर. तुमच्याइतका कागद कुणाला कळतो इथे?" त्याने चाळीस मुद्द्यांचा एक तक्ता पुढे सरकवला. वेग किती, मोबाइलवर चालतं का, एका वेळी किती माणसं उघडू शकतात, असे प्रश्न होते. "प्रत्येकाला गुण द्या. मग तुमच्या सगळ्या वह्या त्यात चढवू आणि कुलूप लावू. एकदा कुलूप लागलं की जे आहे ते कायमचं."

सत्तावीस वर्षांत तिला कुणी 'काय घ्यायचं' असं विचारलं नव्हतं. 'कुठे ठेवलंय' एवढंच विचारत. बरं वाटलं ते दिसू नये म्हणून ती फाद्लानवर उगाच खेकसली, "घड्याळ काय बघताय, तक्ता नीट समजावून सांगा." पण तो गेल्यावर तिच्या डोक्यात एकच शब्द राहिला. कायमचं.

कारण तिच्या वह्यांमध्ये एक ओळ होती.

तेव्हा ती नोकरीत नवी होती, पहिलंच वर्ष. एका शुक्रवारी दुपारी चौदा नंबरच्या कागदाची सी आवृत्ती आली. चार प्रती चार मुकादमांना पोचवायच्या होत्या. तेवढ्यात शेजारणीचा निरोप आला की धाकटीला ताप चढलाय, डोळे फिरवतेय. तिउर्माने घाईघाईत वहीत चारही प्रतींपुढे 'दिली' लिहून टाकलं आणि धावत तीन प्रती वाटल्या. एक द्यायची राहिली. तीन नंबरची प्रत, मुकादम पाइमिनची. ती टेबलावरच्या ट्रेखाली तशीच राहिली आणि बाई घरी पळाली.

सोमवारी सकाळी पाइमिनच्या माणसांनी बी आवृत्ती बघून जहाजाच्या पोटातल्या पोलादी भिंतीला भोक पाडलं. ते चार बोटं चुकलं होतं. अख्खी प्लेट बदलावी लागली, दहा दिवस काम अडलं, आणि मालकांचा गोरा तपासनीस लालबुंद होऊन विचारायला लागला की याला जबाबदार कोण. ते वर्षही वाईट होतं, कंत्राटी माणसं पानांसारखी गळत होती.

चौकशीच्या खोलीत वही उघडली. वहीत होतं, 'दिली'. तिउर्माने तोंड उघडलं होतं, पण तिच्या आधी पाइमिन बोलला.

"तिने दिलं होतं. मीच हरवलं. जुन्यावरून काम केलं."

त्याचं मुकादमपद गेलं. चार वर्षं तो साधा फिटर म्हणून राबला, आपल्याच हाताखालच्या पोरांच्या हाताखाली. यार्डात त्याला नाव पडलं, हरव्या पाइमिन. पुढे मुकादमपद परत मिळालं, पण नाव काही गेलं नाही. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा कुणीतरी माइकवरून म्हणालंच, "पाइमिन, घराची वाट तरी हरवू नका!" सगळे हसले, तोही हसला. तिउर्मा मात्र हातातल्या नाश्त्याच्या बशीकडे बघत उभी राहिली होती.

चौकशीनंतर तो तिला एवढंच म्हणाला होता, "न्दुक, आता एक कर. जुनं हातात आल्याशिवाय नवं देऊ नकोस. मला पण नाही." न्दुक म्हणजे पोरी. तो जावा बेटावरचा, तिकडचे मोठे लोक लेकीला असंच हाक मारतात. ती त्याला पाकदे म्हणे, थोरला काका. त्या दिवसानंतर दोघांनी हा विषय पुन्हा काढला नाही. ईदला तिच्या घरून त्याच्याकडे केकचा डबा जाई, नाताळला त्याच्याकडून तिच्याकडे फणसाची भाजी येई. वहीत तिच्याच अक्षरात ती ओळ राहिली: 'कागद १४, प्रत ३. बी परत नाही. सी दिली, हरवली. पाइमिन.' सत्तावीस वर्षांत, हजारो कागदांमध्ये, परत न आलेला हा एकच.

तिन्ही कंपन्यांना तपासणीसाठी तिच्या जुन्या वह्यांची पानं दिली होती. तिन्ही ठिकाणी तीच ओळ पडद्यावर लाल झाली.

पहिला आला जकार्ताचा. बूट असे चकचकीत की यार्डात पाऊल टाकताना तो जमिनीची माफी मागत असावा. त्याचं सॉफ्टवेअर देखणं होतं, बोट लावलं की जहाज गरागरा फिरे. लाल ओळ दिसल्यावर तो म्हणाला, "हे फार जुनं आहे, इबू. दहा वर्षांआधीचं आपण घेतच नाही. गेलेल्याला कशाला उठवायचं?"

"गेलेला अजून इथेच, बातू आजी वस्तीत राहतो," बू तिउर म्हणाली. "रोज कबुतरांना दाणे घालतो."

त्याला काही कळलं नाही. तिने तक्त्यात गुण मांडले आणि त्याला थंडगार गोड चहा पाजून परत पाठवला.

दुसरा सामुद्रधुनीपलीकडून फेरीबोटीने आला. त्याचं काम विजेसारखं होतं. लाल ओळ दिसली तशी त्याने एकदा टिचकी मारली. 'परत नाही'चं 'परत आली' झालं, 'हरवली' पुसलं गेलं आणि ओळ हिरवी झाली.

"झालं!"

"हे कुणी केलं, कधी केलं, ते कुठे दिसतं?"

"दिसत नाही ना! तेच तर सोपं आहे, मॅडम. कटकटच नाही."

तो जेवायला गेला आणि यंत्र तिच्यासमोर उघडंच राहिलं. बू तिउर त्या हिरव्या ओळीकडे बघत बसली. एक टिचकी. पाइमिनवरचा डाग गेला, तिचा कुणाला दिसला नाही. सत्तावीस वर्षांचं ओझं एका बोटाने उतरत होतं, कुणाला सांगायचीही गरज नव्हती. खोटं कशाला बोलायचं, मोह झाला तिला. चांगलाच झाला. डब्यातला भात तसाच राहिला.

मग तिच्या मनात आलं, की आपण तेव्हा 'दिली' लिहिलं ते असंच होतं. हातात कागद, आणि वहीत आधीच काम झालेलं. आज ही टिचकी मी मारीन, उद्या दुसरं कुणीतरी चुकलेल्या भोकावर मारील, आणि त्या भिंतीपलीकडे समुद्र असेल. तिने पुढे हात केला आणि ओळ होती तशी पुन्हा लाल करून ठेवली. सोपं होतं, दिसत नव्हतंच ना.

तिसरी विदुरी, बांडुंगची. कंपनी एवढीशी की सॉफ्टवेअर लिहिणारी तीच आणि विकणारीही तीच. पडदा राखाडी, रया गेलेला, आणि मध्येच एकदा सगळं ठप्प झालं तेव्हा पोरगी कानापर्यंत लाल झाली. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसत. बू तिउरने तक्त्यात धडाधड कमी गुण दिले. मग लाल ओळ आली.

"हिला हिरवी कर बघू," बू तिउर म्हणाली.

विदुरीने मान हलवली. "होत नाही, बू. एकदा लिहिलेलं यात पुसता येत नाही. लोक त्यावरूनच नाक मुरडतात."

"आणि लिहिलेलं चुकीचं असेल तर?"

"तर त्याच्या खाली लिहायचं. काय चुकलं होतं, खरं काय, कोण सांगतंय, कधी. वरचं तसंच राहतं, पण वाचणाऱ्याला दोन्ही दिसतं. माझी आई गावात जमिनीच्या कागदांचं काम करायची. ती म्हणायची, पांढरा रंग लावायचा नाही, एक रेघ मारून शेजारी सही करायची."

बू तिउरने गुणांचा तक्ता उलटा घातला. बालिगेची बाई गप्प बसली म्हणून शेजारच्या खोलीतून दोघं डोकावून गेले. मग तिने विचारलं, "जेवलीस का गं? चल, माझ्या डब्यात मासा आहे. तिखट आहे, सांगून ठेवते."

दोन दिवसांनी तिने तक्ता फाद्लानपुढे ठेवला. खाली हाताने रेघा ओढून एक्केचाळिसावा मुद्दा घातला होता: 'चूक झाली तर काय करू देतं?' पहिल्यापुढे लिहिलं होतं, 'विसरू देतं.' दुसऱ्यापुढे, 'लपवू देतं.' तिसऱ्यापुढे, 'कबूल करू देतं.'

"पण बू, बाकी चाळीसमध्ये तिसरं सगळ्यात मागे आहे!"

"मोबाइलवरची अक्षरं मोठी करता येतात. विदुरी करून देणार आहे, लिहून घेतलंय मी. हा शेवटचा मुद्दा मागाहून बसवता येत नाही."

"एवढं काय आहे त्यात?"

तेव्हा तिने दार लावलं आणि सांगितलं. शुक्रवार, ताप, ट्रेखालची प्रत, सगळं. आणि हेही, की नव्या यंत्रात त्या ओळीखाली पहिली नोंद ती स्वतः करणार आहे. फाद्लानने त्या दिवशी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

"बू," तो हळूच म्हणाला, "दोन आठवडे राहिलेत तुमचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तुमच्या निरोपाची पितळी पाटी कोरूनसुद्धा झालीय. 'सत्तावीस वर्षांत एकही चूक नाही.'"

"मूठ माझी असती तर झाकली असती, पाक. ती त्यांची आहे. माझी चूक झाकायला त्यांनी आपला हात दिला होता. आणि पाटीचं म्हणाल तर सोपं आहे. जुनी आधी परत घ्या, मग नवी द्या."

फाद्लान हसला, मग त्याने चष्मा काढून पुसला. तक्त्याखाली सही केली ती तिसऱ्याच नावापुढे. पितळेच्या पाटीचं म्हणाल तर, ती दुसऱ्यांदा कोरली गेली, आणि आता तिच्यावर फक्त 'जुनं आधी' एवढंच आहे.

रविवारी चर्चमधून बू तिउर थेट बातू आजीला गेली. एका हातात माशाचा चुरा भरलेल्या पावांची पिशवी, दुसऱ्या हातात ड्रॉइंगची गुंडाळी. पाइमिन अंगणात कबुतरांच्या पिंजऱ्यांशी खाटखुट करत होता. सत्तरी ओलांडलेली, पण मुकादमकी गेली नव्हती, कबुतरांनाही रांगेत उभं करू बघत होता.

"ये न्दुक. ईद नाही, नाताळ नाही, आज कशी वाट हरवलीस?"

"वाट नाही हरवली, पाकदे. आणि तुम्हीही कधी काही हरवलं नव्हतं." तिने गुंडाळी पुढे केली. "ही घ्या. तुमचीच आहे."

चौदा नंबरचा कागद, सी आवृत्ती, तीन नंबरची प्रत. त्या सोमवारी तिने ती ट्रेखालून काढून घरी नेली होती, आणि पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात, मुलींच्या जन्मदाखल्यांखाली सत्तावीस वर्षं ठेवली होती. फाडायचं धाडस झालं नाही, द्यायचंही झालं नाही. आता ती धडाधड सगळं सांगत सुटली, नवं यंत्र, लाल ओळ, आपण उद्या काय लिहिणार आहोत. पाइमिनने ऐकून घेतलं. मग तो आत गेला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात भिंतीवरच्या मक्केच्या तसबिरीची चौकट होती. त्याने मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला आणि मधून पिवळा पडलेला कागद ओढला. चौदा नंबर, बी आवृत्ती, प्रत तीन.

"जुनं आधी ना? चारही कोपरे आहेत. मोजून घे."

तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि ते एकदमच आलं. "तुम्ही जपून ठेवलंत? कशासाठी?"

"तेव्हा यार्डात टाकलं असतं आणि कुणी नीट बघितलं असतं, तर विचारलं असतं, नवं दिलं होतं तर याच्यावर 'रद्द'चा शिक्का का नाही? मग तुझ्यावर आलं असतं. म्हणून घरी आणलं. नंतर टाकवेना. तुझा कागद टाकून कुणाला झोप लागलीय का?"

"पाकदे, का केलंत तुम्ही ते? मी तर तुमची कुणीच नव्हते."

"त्यात काय. माझी नोकरी पक्की, तुझी कच्ची. मला खाली उतरवलं असतं, तुला बाहेर काढलं असतं. घरी पोर तापलेली." त्याने पावाचा तुकडा मोडून पिंजऱ्यात टाकला. "खाली उतरलेला माणूस वर चढतो, न्दुक. चढलोच की."

तिउर्माने त्याचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. "मौलियाते," ती म्हणाली. तिच्या बताक भाषेतले आभार. जावातल्या माणसाला ती भाषा येत नव्हती, पण त्याने हात सोडवून घेतला नाही. आपल्या मुलींची लग्नं, घरावरचं छप्पर, आपलं सगळं आयुष्य या माणसाच्या एका वाक्यावर उभं आहे, हे तिला रोज माहीत होतं. फक्त सांगायला एवढा उशीर झाला होता.

मग ती डोळे पुसून टेबलाशी बसली, कारण काम ते काम. पिशवीतून शिक्का काढला, बी आवृत्तीवर 'रद्द' मारला, कोपरे मोजले आणि कागद गुंडाळून ठेवला. पाइमिनने चष्मा लावून सी आवृत्ती उलगडली. बोट फिरवत फिरवत तो त्या भिंतीपाशी आला, चार बोटं टेकवून अंतर मोजलं, आणि पुटपुटला, "हं. इथे होतं तर."

तिने पोच लिहून पुढे केली. 'कागद १४, आवृत्ती सी, प्रत ३, मिळाली.' त्याने सही केली, ठसठशीत, मुकादमाची. तारखेच्या रकान्यावर मात्र त्याचं पेन थांबलं.

"इथे कुठली घालू? तेव्हाची घालतो, म्हणजे तुझी वहीही बरोबर होईल."

"नाही, पाकदे," ती म्हणाली. "आजची घाला. मी आज दिलीय."